पहिल्या पाण्याचे अकरा डबे

“तुमच्याकडे जुनं पाणी आहे म्हणे,” वकीलबाई दारातूनच म्हणाल्या. ‘आत या’ म्हणायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

त्यांच्या मागे रोपंवाली उभी होती. नदीच्या वळणावर तिची रोपवाटिका; आमची तीस-पस्तीस वर्षांची ओळख. “पाणी नव्हे हो, फिती,” ती म्हणाली. “गाडीत सांगितलं ना मी तुम्हाला. ताई, तुमच्या दादांच्या फितींचं ह्यांना जरा समजावून सांगा. माझं बोलणं ह्यांना वेड्यासारखं वाटतंय.”

“वेड्यासारखं नाही,” वकीलबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. “पण मला नीट कळायला हवं. कारखान्याचं म्हणणं काय, की नदीचं पाणी मुळातच असलं आहे. जमिनीतले क्षार, कुजलेला पाला, असं काहीबाही. कारखाना यायच्या आधी ते पाणी कोणी तपासलेलंच नाही. मग पाणी बिघडवलं हे आम्ही दाखवायचं कशाच्या जोरावर?”

मी चहा ठेवायला उठले होते, ती परत बसले. हे मला सांगता येण्यासारखं होतं. आमच्या घरात मला सांगता येण्यासारखं फार थोडं असे.

माझा भाऊ चित्रपट करायचा. लोक ज्याला सिनेमा म्हणतात तसला नव्हे. त्यात नट नसत, गाणी नसत, गोष्टही नसे. नदी असे, तिच्या काठावर येणारी-जाणारी माणसं असत, आणि पुष्कळ वेळ काहीच नसे. कधी कुठे चार ओळी छापून आल्या तर त्यात त्याला ‘प्रयोगशील’ म्हणत. आई म्हणायची, “प्रयोग कळले रे बाबा, पण निकाल कधी लागायचा?” त्याच्या पहिल्या चित्रपटाला अकरा माणसं आली होती, त्यातला एक झोपलेला आणि दोघं आम्ही.

पण त्याची एक रीत होती आणि ती त्याने कधी मोडली नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी आठ वाजता वळणावरच्या एकाच दगडावर कॅमेरा ठेवून तो नदीचं तीन मिनिटांचं एक रीळ काढी. घरी आणून, मोरीला काळे पडदे लावून, बादल्यांतल्या रसायनातून ते काढी. शेवटी फीत स्वच्छ पाण्यात धुवावी लागते. तिथे मात्र तो नळाला हात लावत नसे. बादलीत फीत घेऊन पुन्हा नदीवर जायचा. “नदीचं चित्र नदीनंच धुवायचं,” म्हणायचा. फितीवर जिलेटिनचा पातळ थर असतो. तो पाणी पितो, पाण्यात जे असेल ते पोटात ठेवून घेतो आणि वाळला की सोडत नाही. म्हणजे पाहणाऱ्याला चित्र दिसे, पण त्या दिवसाचं पाणीही त्या फितीतच असे.

वाळत घालणं, गुंडाळणं, डब्यात भरणं आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवणं हे काम माझ्याकडे. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, अक्षर बरं होतं. तारीख, वेळ, पाण्याची जागा. वर्षाला एक डबा, बारा रिळांचा; दर महिन्याला चिठ्ठीवर एक ओळ. एकतीस वर्षांत एक पहिली तारीख चुकली नाही. माझे स्वतःचे नेम आजारपणात मोडले, प्रवासात मोडले. हा मोडला नाही. दादाबरोबर जाता आलं नाही तर तो परत आल्यावर आधी चिठ्ठी लिहायची आणि मग तोंडात पाणी घ्यायचं.

“कारखाना बाराव्या वर्षी आला,” मी वकीलबाईंना म्हणाले. “त्याच्या आधीची अकरा वर्षं आहेत. अकरा डबे. तारखांसकट.”

त्यांचं पेन थांबलं. “प्रयोगशाळेत तपासता येईल?”

“दादा म्हणतो, येईल.”

“आणि चिठ्ठ्या?”

“माझ्या हातच्या.”

“सुनावणीत सांगाल तसं?”

“सांगेन की. त्यात काय.”

रोपंवालीने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांची टोकं फुटून पिवळी पडली होती, हल्ली ती कायमच तशी असत. मागच्या वर्षी तिची निम्मी रोपं नदीचं पाणी पिऊन मान टाकून गेली होती. ही सुनावणी शेवटची. तक्रार फेटाळली गेली की कारखान्याला वाढवायची परवानगी मिळणार होती आणि त्याचे नवे पाइप नेमके वळणावरून, तिच्या वाफ्यांवरून जाणार होते. “ताई,” ती म्हणाली, “तुम्ही नुसतं आहे म्हणालात ना, माझी छाती हलकी झाली बघा.”

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, दादा बाहेर येईल. तो आला नाही. मी त्याचा चहा झाकून ठेवला, तो तसाच गार झाला.

*

दोघी गेल्यावर मी स्टूल ओढलं. वरच्या फळीवर अकरा डबे ओळीने होते, धूळ बसलेले, पण माझ्या चिठ्ठ्या शाबूत.

“राहू दे चिमे, पडशील,” दादा म्हणाला. मला चौसष्ट वर्षं झाली आणि तो एकाहत्तरचा, तरी मी चिमीच.

“पडत नाही. जरा पुसून ठेवते. पुढच्या आठवड्यात न्यायला येतील.”

“मी देतो काढून.”

“काढलाच आहे एक.” मी झाकण फिरवलं.

त्यात करडी फीत असायला हवी होती. खिडकीसमोर धरली की स्वच्छ काळं, स्वच्छ पांढरं, आणि मधे पाण्याची हलकी राखाडी रेघ. मी ती हाताने गुंडाळलेली होती. डब्यात होती ती जांभळी होती. तिच्यावर शेंदरी ओघळ होते, कडेने मोरपंखी बुरशीसारखं काहीतरी फुललं होतं. मी दुसरा डबा उघडला. तिसरा उघडला. पुढचे उघडले नाहीत.

रंग ओळखीचे होते. सगळ्यांच्याच ओळखीचे होते. त्यांच्यामुळेच तर दादाला नाव मिळालं.

ते असं झालं होतं. कारखाना कापडाच्या रंगांचा. तो आल्यावर दुसऱ्याच वर्षी फितींवर डाग पडायला लागले. पहिला डाग पाहून दादा मोरीत बसून रडला होता. मी दाराबाहेर उभी होते, मला ऐकू आलं. मग डाग वाढले आणि त्यांचे रंग झाले. हळूहळू त्याचं रडणं थांबलं. फीत वाळत घालताना तो रंगांकडे बघत बसायला लागला. एकदा म्हणाला, “बघितलंस? पोटात विष घेऊन काय सुंदर दिसते ही.” मी काही बोलले नाही. मी सहसा काही बोलत नसे.

त्या फितींचा चित्रपट झाला. ‘नदीने स्वतः रंगवलेला चित्रपट’ असं त्याच्याबद्दल लिहून आलं. पहिली नितळ वर्षं आणि मग हळूहळू चढणारे रंग, असं काहीतरी तो करील अशी माझी समजूत होती. चित्रपटात तसं काही नव्हतं. सुरुवातीपासून रंगच रंग. तरी परदेशातून बोलावणी आली, बक्षीस मिळालं, परीक्षक उभे राहिले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माझ्या भावाचा फोटो पेपरात आला. आई तेव्हा गेलेली होती, नाहीतर निकाल लागला म्हणाली असती.

“कधी केलंस हे?” मी विचारलं.

“आईचं ऑपरेशन झालं तेव्हा. तू तिच्याजवळ होतीस, तीन आठवडे.”

“कुठे?”

“कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाखाली. जाळीच्या पिशव्यांत घालून सोडल्या होत्या.” तो पलंगावर बसला. “चित्रपटाला सुरुवातीची वर्षं फिकी पडत होती गं. सगळं एका जातीचं दिसायला हवं होतं. एक रीळ बुडवून पाहिलं, रंग असा आला की... मग दुसरं बुडवलं.”

“अकराही डबे?”

“हो.”

“आणि चित्रपटात किती घेतलंस ह्यातलं?”

तो चादरीची सुरकुती सरळ करू लागला.

“दादा, किती?”

“तीन मिनिटं.”

“बाकीचं?”

“बाकीचं परत ठेवलं. ज्याचं त्याच्या डब्यात. तुझ्या चिठ्ठ्या होत्या ना, म्हणून घोटाळा झाला नाही.”

मला हसू येईल की काय असं वाटलं. आलं नाही. मी स्टुलावरून उतरले आणि पदराने डब्याचं झाकण पुसत बसले. दुसरं काय करावं ते सुचेना.

“ही फीत म्हणजे पाण्याची आठवण आहे, असं तूच म्हणायचास.”

“म्हणायचो. पत्रिकेत छापायला बरं असायचं ते.” मग एकदम त्याचा आवाज चढला. “पुढे कोणी पाणी मागायला येईल, हे मला काय ठाऊक? मी काय नदीचा कारकून होतो?”

“नाही. ती मी होते.”

हे मी मोठ्याने म्हटलं की मनात, आता आठवत नाही. त्याने ऐकलं असावं. तो म्हणाला, “वकीलबाईंना मी सांगतो. माझं मी सांगतो, चिमे. एवढं तरी माझ्या तोंडून जाऊ दे.”

मला ते पटलं. दुसऱ्याचं पाप आपण सांगत फिरू नये. ज्याचं त्याने कबूल केलं तर त्यात काही राहतं. चार दिवसांनी मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? बघते म्हणाल्या.”

पुढचे पंधरा दिवस तो रोज सकाळी बाहेर जात होता. गुडघ्याच्या डॉक्टरकडे, म्हणाला. परत यायचा तेव्हा पायांना चिखल असे. रोपंवालीने मला एक फुललेलं रोप पाठवलं आणि निरोप दिला, आता काळजी नाही. मला वाटलं, वकीलबाईंना दुसरा काही मार्ग सापडला असेल. वाटलं म्हणजे, मी तसं वाटून घेतलं.

*

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती, फक्त खुर्च्या मोठ्या. रोपंवालीने मला पहिल्या रांगेत स्वतःशेजारी बसवून घेतलं. ती इस्त्रीची साडी नेसून आली होती. “तुम्ही जवळ असलात की बरं,” म्हणाली. “नाहीतर माझी जीभ सैल सुटते. मागच्या वेळी मी त्यांच्या वकिलाला रोपांवरचा किडा म्हणाले होते.”

“अगंबाई. मग?”

“मग काय, लिहून घेतलं नाही त्यांनी. नेमकं तेवढंच लिहून घेण्यासारखं होतं.”

मी हसत होते. हसतानाच मला समोरचं टेबल दिसलं. टेबलावर प्रोजेक्टर होता आणि त्याच्या शेजारी दोन डबे होते. चिठ्ठ्यांवर माझं अक्षर.

मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीकडे बघत होता.

वकीलबाई उठल्या. त्यांचा आवाज आज भरलेला होता. मूळ अकरा डब्यांपैकी नऊ ओलीने गेले, त्या म्हणाल्या. दोन डब्यांतलं एकेक रीळ तेवढं सुदैवाने वाचलं. एक कारखाना येण्याच्या तीन वर्षं आधीचं, एक दोन वर्षं आधीचं. फितीच्या कडेवर बनवणाऱ्यांचा त्या सालचा शिक्का आहे. प्रयोगशाळेचा अहवाल जोडला आहे: जिलेटिनमध्ये रंगद्रव्याचा अंशही नाही. “आणि आता, आपली परवानगी असेल तर, आपण ते पाणी डोळ्यांनी पाहू.”

अध्यक्षांना सर्दी झाली होती. त्यांनी रुमालातूनच मान हलवली. पडदे ओढले. समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला आणि त्यात पाणी आलं.

काय सांगू! काळंपांढरं, नितळ, तळाचा गोटान् गोटा मोजून घ्यावा असं. प्रवाहात एक बोटभर मासा तोंड वर करून एका जागी थांबला होता, शेपटी तेवढी हलत होती. मधेच उजेडाचा तुकडा त्याच्यावरून सरकत गेला. अध्यक्षांनी रुमाल खाली केला.

रोपंवालीने माझा हात घट्ट धरला. “बघा ताई, बघा. अस्संच होतं. पाण्यात उभी राहिली की माझ्या आईच्या पायातली जोडवी दिसायची. अस्संच.” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

आणि मला सगळं कळलं. डोंगरामागे, कारखान्याच्या पुष्कळ वर, जिथे नदी अजून ओढ्याएवढी आहे, तिथे पाणी अजून स्वच्छ आहे. आमच्या फ्रिजच्या तळाच्या खणात त्या दोन सालांची दोन कोरी रिळं कित्येक वर्षं पडून होती; दर महिन्याला फ्रिज पुसताना मी ती उचलून पुन्हा ठेवत असे. दादा एकाहत्तराव्या वर्षी, तसल्या गुडघ्यांनी, कॅमेरा खांद्यावर घेऊन तिथवर चढला होता. तिथे चित्र काढलं, तिथल्या पाण्यात धुतलं. मग माझ्या चिठ्ठ्यांच्या डब्यांतून जांभळी फीत काढली आणि ही घातली.

जन्मभरात त्याने काढलेलं सगळ्यात साधं चित्र ते होतं. त्यात प्रयोग नव्हता, करामत नव्हती. नदीकडे नदी म्हणून बघणं होतं. त्याचं सगळ्यात चांगलं काम ते, आणि ते खोटं होतं.

पडदे उघडले. कारखान्याच्या वकिलांनी दोन-चार बारीकसारीक शंका काढल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. शेवटी त्यांनी विचारलं, चिठ्ठ्या लिहिणारी व्यक्ती इथे आहे का? मी उठले. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, खरं सांगण्याची शपथ दिली.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“चिठ्ठीवर ह्या रिळाची जी तारीख आहे, त्याच तारखेला लिहिलेलं?”

“हो.”

“नंतर कधी बदललं, गिरवलं?”

“नाही.”

वकील खाली बसले. तिन्ही उत्तरं खरी होती. मी उठून जागेवर जाऊ शकत होते. दादा आता माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत दटावणं नव्हतं, विनंतीही नव्हती. खात्री होती. चाळीस वर्षं मी गप्प राहिले होते, त्या चाळीस वर्षांवर त्याचा भरवसा होता.

अध्यक्षांनी नाक पुसलं, पेन घेतलं आणि नुसत्या नोंदीसाठी, माझ्याकडे न बघताच म्हणाले, “म्हणजे डब्यातली फीत त्याच तारखेची, असं लिहून घेतो.”

“नको,” मी म्हणाले.

“काय?”

“तसं नका लिहू.”

त्यांनी चष्मा काढला. “बाई, जरा मोठ्याने बोला. का नको?”

मला वर्गाबाहेर मोठ्याने बोलायची सवय नाही. पण तिथे हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू गेलं. “अक्षर माझं आहे. तारीख खरी आहे. फीत ती नव्हे.”

*

बाहेर लांबच लांब व्हरांडा होता. वकीलबाई आपले कागद छातीशी धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

“मला आदल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं, दादाने तुम्हाला...”

“वाटलं!” त्या म्हणाल्या. “आता आमचे बाकीचे कागदही बनावट ठरणार. डॉक्टरांचे दाखले, रोपांचे अहवाल, सगळं. कोणी वाचायचंही नाही.” आणि त्या भराभर निघून गेल्या. तसंच झालं. आठवड्याभरात तक्रार फेटाळल्याचा कागद आला, त्यात ‘बनावट’ हा शब्द चार वेळा होता.

रोपंवाली भिंतीला टेकून उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“ताई, एक सांगा. पाणी तसं होतं की नव्हतं?”

“होतं.”

“तुम्ही पाहिलंय?”

“पाहिलंय. दर महिन्याला.”

“मग त्यात खोटं काय होतं?”

लहानपणापासून मी ऐकत आले, की खऱ्याच्या पाठीशी कोणीतरी असतं. मी त्या व्हरांड्यात इकडे तिकडे पाहिलं. शिपाई पाण्याची टाकी भरत होता. दुसरं कोणी नव्हतं.

“तुम्ही खरं बोलून मोकळ्या झालात,” ती म्हणाली. तिचा आवाज माझ्याइतकाच हळू होता. “मी कुठे जाऊ, तेवढं सांगून जा.”

घरी दादा काळोख करून बसला नव्हता की काही नाही. नेहमीच्या खुर्चीत बसला होता, पायाला मलम चोळत.

“दोन शब्द गिळले असतेस तर काय बिघडत होतं?” तो म्हणाला.

“तू अकरा वर्षं गिळलीस, दादा.”

इतकं कडू मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते. तो चोळायचा थांबला. “मी ते तिच्यासाठी केलं,” तो म्हणाला. “नदीसाठी केलं. एकदा तरी उपयोगाचं काहीतरी करावं म्हणून.”

“मग खरं सांगायचं होतंस. अकरा डबे मी नासवले, पण पाणी नितळ होतं, मी साक्षीदार आहे, असं.”

“आणि ‘नदीने स्वतः रंगवलेला’चं काय झालं असतं?”

हे त्याच्या तोंडून निसटलं. निसटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले.

महिन्याभराने परदेशातल्या एका कलासंग्रहालयाचं पत्र आलं. दादाने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं, आपल्या भाषेत करून, अडखळत. प्रकरण त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना ते अतिशय महत्त्वाचं वाटलं. रंगवलेली जुनी फीत आणि ‘बनावट’ नवी फीत शेजारी शेजारी दाखवायची त्यांची इच्छा होती. खरं म्हणजे काय, असा प्रश्न ही जोडी विचारते, असं त्यांचं म्हणणं.

“मास्तरीणबाई, काय लिहू?” त्याने जरा हसत विचारलं. पुष्कळ दिवसांनी हसला होता.

“फिती तुझ्या. तू ठरव.”

मला वाटत होतं, तो नाही लिहील. दुसऱ्या दिवशी त्याने मला दोरा मागितला. सुनावणीतून परत आलेल्या एका डब्यात जांभळी फीत, दुसऱ्यात नवी, असे दोन्ही डबे पुठ्ठ्यात बांधले. त्यांनी मूळ चिठ्ठ्यांसकट मागितले होते, म्हणून त्याने चिठ्ठ्यांवरून जपून कागद लावला, फाटू नयेत म्हणून. तिथे ते तीन महिने दाखवलं गेलं. चांगली गर्दी झाली, असं कळवलं त्यांनी.

*

वळणावर नव्या पाइपांच्या खुणेचे खांब रोवले गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी रोपंवाली सामान हलवणार असं मला दुकानात कळलं. मी गेले. तिने बोलावलं नव्हतं. दादा माझ्या मागोमाग काठी टेकत येत होता. मी त्याला ये म्हटलं नव्हतं, नकोही म्हटलं नव्हतं.

दारात एक ट्रक उभा होता. जगलेली रोपं कधीच वर चढवलेली होती, थोडीच होती ती. मातीचे वाफे रिकामे. तिचा दीर ट्रकवर उभा राहून कुंड्या लावत होता. मला पाहून तिने काम थांबवलं नाही.

दादा फाटकाशी थांबला. उघड्या वाफ्यांकडे, त्यांच्यापलीकडच्या जांभळट पाण्याकडे त्याने पाहिलं, आणि सवयीने त्याचे दोन्ही हात वर आले, बोटांची चौकट करायला. अर्ध्यावर आले आणि थांबले. मग त्याने ते खिशात घातले.

“त्यांना म्हणावं, ट्रकच्या वाटेत उभं राहू नका,” रोपंवाली म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल असं.

तो बाजूला झाला. दिराने फळी टाकली, तेव्हा आणखी बाजूला झाला. मग दोन माणसं मांडवाचे खांब घेऊन आली, तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. कोणी त्याला काही उचलायला दिलं नाही.

रोपांवर सावली धरणाऱ्या हिरव्या जाळ्या राहिल्या होत्या, लांबच लांब, पानांनी आणि धुळीने जड झालेल्या. त्या एकट्याला घडी करता येत नाहीत. ती एकीचं टोक घेऊन उभी होती आणि दिराची वाट बघत होती. दीर कुंड्यांत अडकलेला. मी जमिनीवरचं दुसरं टोक उचललं.

तिने मला पाहिलं. टोक खाली ठेवलं नाही.

आम्ही जाळी ताणली, झटकली. कोरडी पानं उडाली. मग एकमेकींच्या दिशेने चालत आलो. माझ्या हातातली टोकं तिने आपल्या फुटलेल्या बोटांत घेतली, मी वाकून घडीची बाजू उचलली, पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. सहा वेळा. जाळी उशीएवढी झाली. मला काहीतरी बोलायचं होतं. दर वेळी जवळ आले की वाटायचं, आता बोलावं, आणि तोवर मागे जायची पाळी यायची.

ती घडी तिने ट्रकवर फेकली. परत आली, दुसऱ्या जाळीचं टोक उचललं आणि माझ्याकडे न बघता, मी माझं उचलेपर्यंत थांबली.